ध्वनी अखंड, खुणा वेगळ्या

भाची : मामा, मैफिलीच्या कॅसेटची एक बाजू संगणकावर उतरवली, तर पंचेचाळीस मिनिटांची एकच फाइल तयार होते. समज, तिच्यात यमनचा विलंबित ख्याल आहे, द्रुत आहे, मग एक नाट्यपद आणि शेवटी भैरवी. बहुतेक लोक तिचे सरळ चार तुकडे करतात. तू मात्र म्हणतोस, तुकडे करू नका, क्यू शीट लिहा. असं का?

मामा : कारण कापताना आपण दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतो. टेपवर जे उमटलं ते बदलणार नाही. कुठली चीज कुठे सुरू झाली, हे मात्र आपलं मत असतं, आणि मत बदलतं. तुझ्याच उदाहरणातला द्रुत घे. गवयाने बंदिशीचा मुखडा उचलला तिथे द्रुत सुरू झाला, की तबल्याने तीनतालाचा ठेका धरला तिथे? दोन जाणकारांना विचार, दोन उत्तरं येतील. फाइल कापली की त्यातलं एक उत्तर ध्वनीवरच लादलं जातं. खूण वेगळ्या फाइलीत, म्हणजे क्यू शीटमध्ये, ठेवली, तर उद्या एक आकडा बदलून ती सरकवता येते आणि मूळ ध्वनीला धक्का लागत नाही. सीडी बनवणाऱ्यांनीही हाच मार्ग धरला होता. फिलिप्स आणि सोनी यांच्या १९८० च्या रेड बुक मानकात गाण्यांच्या स्वतंत्र फाइली नाहीतच. ध्वनीचा सलग प्रवाह आहे, आणि कुठला ट्रॅक कुठून सुरू होतो याची यादी तबकडीच्या आरंभी वेगळी नोंदलेली आहे. पुढे घरच्या संगणकावर सीडी लिहिता येऊ लागली, तेव्हा ही मांडणी कार्यक्रमाला सांगायची कशी, हा प्रश्न आला. जेफ अर्नोल्ड यांच्या सीडीआरविन या कार्यक्रमातून आलेली क्यू शीट हे त्याचं उत्तर. सीडी मागे पडली तरी ती टिकली, कारण मुळातला विचार पक्का होता.

भाची : पण तिच्या आत लिहायचं काय?

मामा : साधा मजकूर, नोटपॅडमध्ये लिहिता येईल असा. आज्ञा रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत लिहायच्या. पहिली ‘फाइल’ ही ओळ, तिच्यात ध्वनिफाइलीचं नाव. मग प्रत्येक चिजेसाठी ‘ट्रॅक’ आणि त्याचा क्रमांक, त्याखाली शीर्षक, कलाकार आणि ‘इंडेक्स’, म्हणजे सुरुवातीची वेळ. चुका होतात त्या वेळेत. ती मिनिट, सेकंद आणि फ्रेम अशा तीन जोड्यांत लिहितात, आणि फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग, शंभरावा नव्हे. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि ते ५८८ नमुन्यांच्या ७५ गटांत विभागलेले असतात, तिथून हे माप आलं. संपादकात खूण १२ मिनिटं ३४.४८ सेकंदांवर दिसत असेल, तर ०.४८ ला ७५ ने गुणायचं, ३६ येतात, आणि लिहायचं १२:३४:३६. तिथे थेट ४८ लिहिलेस, तर खूण ०.१६ सेकंद पुढे जाईल. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं, पण तेवढ्यात मुखड्याचं पहिलं अक्षर निसटून जाऊ शकतं. तासांचा रकाना नाही, म्हणून सव्वा तासानंतरची खूण ७५:००:०० अशीच लिहायची.

भाची : काही शीटमध्ये एकाच ट्रॅकखाली दोन इंडेक्स दिसतात, ०० आणि ०१. ते कशासाठी?

मामा : माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा आधार तोच आहे. नाट्यपद संपलं, टाळ्या पडल्या, तानपुरे पुन्हा जुळवले, मग भैरवी सुरू झाली. मधली दीड मिनिटं कोणाची? नाट्यपदाची नव्हेत आणि भैरवीचीही नव्हेत. क्यू शीटमध्ये भैरवीच्या ट्रॅकखाली ‘इंडेक्स ००’ टाळ्या सुरू होतात तिथे लिहायचा आणि ‘इंडेक्स ०१’ पहिल्या सुरावर. सलग ऐकणाऱ्याला टाळ्या, जुळवणी, सगळं ऐकू येतं. थेट भैरवीवर जाणारा मात्र सुरावरच उतरतो. कापलेल्या फाइलींना हे सांगायची सोयच नाही. ती दीड मिनिटं आधीच्या तुकड्याच्या शेपटाला चिकटतात, पुढच्याच्या डोक्यावर बसतात, किंवा कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेने ती उडवून टाकतं. तानपुरे जुळवताना झालेला संवाद, श्रोत्यांची फर्माईश, गवयाने सांगितलेलं रागाचं नाव हे सारं त्या जागेत असतं, आणि संगीताच्या अभ्यासकाला त्याची किंमत ठाऊक असते. शिवाय ०२ पासून पुढचे इंडेक्स ट्रॅकच्या आतल्या खुणांसाठी आहेत. विलंबित आणि द्रुत हा एकच ट्रॅक मानायचा असेल, तर द्रुताची खूण तिथे ठेवता येते. बरेच प्लेअर या खुणा वाचत नाहीत, तरी माणसाला त्या वाचता येतातच.

भाची : पण फोनवरची कित्येक अ‍ॅप क्यू शीट वाचतच नाहीत. आणि सलगपणाच हवा असेल, तर फ्लॅक प्रकारच्या ध्वनिफाइलींचे तुकडेही एकापाठोपाठ न तुटता वाजतात ना?

मामा : फ्लॅकबद्दलचं तुझं म्हणणं मला मान्य आहे. ते नेमक्या नमुन्यावर कापता येतात आणि जोडले तर काही हरवत नाही. एमपी३ चं तसं नाही. तिथे ध्वनी १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत बसवावा लागतो, शिवाय एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता घालतो. प्लेअरने ती वगळली नाही, तर बेथोवनच्या पाचव्या सिंफनीतला तिसरा भाग चौथ्यात न थांबता शिरतो तिथे खाच ऐकू येते. पण माझा मुद्दा खाचेपुरता नाही. अखंड फाइल आणि शीट हाताशी असेल, तर फोनसाठी तुकडे केव्हाही पाडता येतात. उलट, तुकडे पाडताना टाळ्या उडवल्या असतील, तर त्या तुकड्यांतून मैफल परत उभी करता येत नाही. म्हणून फोनवर तुकडे असू देत, संग्रहात अखंड फाइल हवी.

भाची : आणि ती एकच फाइल बिघडली, तर सगळंच गेलं?

मामा : प्रती तर तुकड्यांच्याही ठेवाव्या लागतातच. फ्लॅकमध्ये प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे उलगडते, त्यामुळे मधे थोडा बिघाड झाला तर बहुधा तेवढाच भाग जातो. शिवाय मूळ ध्वनीची एमडी५ ही पडताळणीची खूणही सहसा आतच असते, म्हणून बिघाड वेळीच कळू शकतो. क्यू शीट हरवायची भीती असेल, तर तिचा मजकूर फ्लॅक फाइलीतही साठवता येतो.

भाची : शीर्षकं देवनागरीत लिहिली तर चालतील?

मामा : चालतील, आणि लिहावीतच. रागांची आणि पदांची नावं रोमन लिपीत ओळखू न येण्याइतकी बदलतात. फाइल जतन करताना फक्त यूटीएफ-८ निवड. जुन्या कार्यक्रमांना ते समजत नाही आणि नावांच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात, तेव्हा तुझा प्लेअर आधी तपासून बघ. सुरुवातीची वेव्ह फाइल नंतर फ्लॅक केलीस, तर ‘फाइल’ ओळीतलं नाव शेवटच्या प्रत्ययासह बदलायला विसरू नकोस. त्याच ओळीच्या टोकाला असलेला ‘वेव्ह’ हा प्रकार मात्र फ्लॅकसाठीही तसाच राहतो.