बेटावर उतरण्यापूर्वी

‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ घेतल्यावर पहिल्या आठवड्यात बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : आता पुढे काय करायचं? निर्जन बेट, स्वतःचा तंबू, प्राण्यांच्या रूपातले दोन शेजारी आणि कर्ज देणारा टॉम नूक, एवढ्यावर खेळ सुरू होतो. माझ्या ओळखीतल्या काहींनी तो इथेच कंटाळून सोडला. त्यांना वाटलं खेळ संथ आहे. खरं म्हणजे ते त्याच्या पुढे पळत होते.

निन्टेंडो स्विचवरचा हा खेळ २० मार्च २०२० रोजी आला, आणि त्याचं सगळं गणित घड्याळावर आहे. पुण्यात संध्याकाळचे सात वाजले की बेटावरही सात वाजतात. दुकानासाठी जागा ठरवून दिली की दुसऱ्या दिवशी तिथे बांधकाम दिसतं आणि दुकान उघडतं तिसऱ्या दिवशी. पूल, संग्रहालय, सगळ्याला अशीच वाट पाहावी लागते. म्हणून रोज तासभर खेळणाऱ्याचं बेट, रविवारी दिवसभर बसणाऱ्याच्या बेटापेक्षा लवकर भरतं. यंत्राचं घड्याळ पुढे ढकलून ही वाट टाळता येते आणि अनेक जण तसं करतात. नवख्यांनी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. उद्या सकाळी दुकान उघडलेलं पाहण्याची ओढ गेली की या खेळात फारसं काही उरत नाही.

सुरुवातीलाच खेळ विचारतो : उत्तर गोलार्ध की दक्षिण? हा निर्णय नंतर बदलत नाही. उत्तर घेतलात तर एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांत चेरी फुलते आणि डिसेंबरच्या मध्याच्या आसपास बर्फ पडायला लागतो. आपला पावसाळा तिथे नाही, पण निदान दिवाळीनंतरची थंडी जुळते. मग चार नकाशे समोर येतात. तिथे जरूर वेळ घ्या. नद्या, कडे, घरं, दुकान हे सगळं पुढे हलवता येतं. हलत नाहीत ते मधला चौक आणि त्यातलं कार्यालय, विमानतळ, नद्यांची मुखं आणि किनाऱ्याची रेषा. नकाशा निवडताना फक्त एवढ्याच गोष्टी पाहा. तंबू कुठे ठोकायचा याची चिंता नको, घर पुढे ३०,००० बेल्समध्ये (बेल्स म्हणजे खेळातलं चलन) हलवता येतं.

ज्या घरात एकच यंत्र आहे, त्यांनी पुढचं नीट वाचावं. एका स्विचवर एकच बेट असतं. पहिल्यांदा खेळ सुरू करणारा त्या बेटाचा प्रतिनिधी होतो. नंतर येणारे सगळे त्याच बेटावर रहिवासी म्हणून राहतात आणि बेटाची मुख्य कामं प्रतिनिधीशिवाय पुढे सरकत नाहीत. आमच्याकडे हा मान माझ्या भाच्याला मिळाला, तेव्हा तो चौथीत होता. त्याला मासे पकडण्यात रस, दुकान उभारण्यात अजिबात नाही. त्यामुळे बरेच दिवस बेटावर दुकान नव्हतं आणि माझ्याही हातात काही नव्हतं. घरात ज्याला सर्वांत जास्त चिकाटी आहे त्याने पहिल्यांदा सुरू करावं.

तरीही एकत्र राहण्यात गंमत आहे, आणि ती या खेळाच्या मुळातच आहे. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ मालिकेचे जनक कात्सुया एगुची चिबा सोडून नोकरीसाठी क्योतोला आले. घरची माणसं आणि मित्र मागे राहिले, त्या उणिवेतून हा खेळ सुचल्याचं त्यांनी सांगितलं आहे. कामावरून उशिरा घरी येणाऱ्या माणसालाही मुलांबरोबर, वेगळ्या वेळी का होईना, खेळता यावं हाही विचार होता. मी रात्री ऑफिसचं आवरून बेटावर जायचे, विमानतळावरून भाच्याच्या नावाने पत्र टाकायचे आणि सोबत एखादं फळ. सकाळी शाळेत जाण्याआधी तो पेटी उघडायचा. त्याचं उत्तर बहुतेक वेळा एका ओळीचं असायचं : ‘मावशी, लोखंड पाठव.’

लोखंडाचं तसंच आहे. पहिल्या दुकानासाठी तीन प्रकारचं लाकूड प्रत्येकी ३० आणि लोखंडाचे ३० तुकडे लागतात. लाकूड मुबलक मिळतं, लोखंड मुख्यतः दगडांतून निघतं, आणि बेटावर दगड सहाच. प्रत्येक दगडातून दिवसाला जास्तीत जास्त आठ वस्तू मिळतात, पण त्यासाठी वेळ अगदी थोडा असतो, आणि प्रत्येक घावाबरोबर आपण मागे ढकलले जातो. उपाय सोपा आहे. दगडासमोर उभं राहा, आपल्या पाठीमागे आणि त्याच्या बाजूला असे दोन खड्डे खणा, मगच दगडाकडे तोंड करून फावडं भराभर चालवा. खड्ड्यांमुळे मागे सरकायला जागा राहत नाही. दगडाभोवतीची फुलं आणि तण आधी काढा, नाहीतर वस्तू पडायला जागा मिळत नाही. आणि दगड फोडायला निघताना फळ खाऊन जाऊ नका. फळ खाल्लं की अंगात बळ येतं, पहिल्याच घावाला दगड फुटतो आणि हाती एकच वस्तू येते. फुटलेले दगड दिवसाला एक या हिशेबानेच परत उगवतात.

दुकान उभं राहीपर्यंत लोखंड अवजारांत घालवू नका. कुऱ्हाड दगडाचीच ठेवा. लोखंडी कुऱ्हाडीच्या तीन घावांत झाड आडवं होतं, दगडी कुऱ्हाड लाकूड देते आणि झाड राखते. लोखंड संपलंच तर २,००० नूक माइल्सचं, म्हणजे खेळात मिळणाऱ्या गुणांचं, तिकीट काढून दुसऱ्या बेटावर जा. तिथले दगड निवांत फोडा आणि वेगळी फळं दिसली तर बी म्हणून घेऊन या. आपल्या बेटावरचं मूळ फळ १०० बेल्सला जातं, बाहेरचं ५०० ला. सुरुवातीच्या कमाईचा इतका भरवशाचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

कर्जाची धास्ती घेऊ नका. पहिल्या घराचे ९८,००० बेल्स ऐकून भाचा गांगरला होता, कारण घरात हप्ता हा शब्द त्याने गंभीर चेहऱ्यानेच ऐकलेला. टॉम नूकच्या कर्जाला व्याज नाही, मुदत नाही, तगादा नाही. वर्षभर फेडलं नाही तरी कोणी दार वाजवत नाही.

सलगमच्या व्यापाराबद्दल मात्र सावध राहा. डेझी मे नावाचं डुकराचं पिल्लू रविवारी सकाळी सलगम विकायला येतं आणि दुपारी बाराला निघून जातं. भाव साधारण ९० ते ११० बेल्स. सोमवार ते शनिवार दुकानात त्याचा भाव दिवसातून दोनदा बदलतो. कधी तो पाचपट चढतो, कधी आठवडाभर नुसता उतरत जातो. पुढच्या रविवारी माल सडतो. घड्याळ मागे फिरवलं तर तो तत्काळ सडतो, त्यामुळे ज्या घरात दोघं खेळतात तिथे हे सगळ्यांना सांगून ठेवा. सगळी पुंजी सलगममध्ये घालू नका, आणि खरेदीच्या भावाच्या वर चांगला दर दिसला की विकून मोकळे व्हा.

रेड नावाचा कोल्हा होडीतून चित्रं आणि पुतळे घेऊन येतो. किंमत ४,९८०, आणि त्यातलं बरंच बनावट. बनावट वस्तू संग्रहालय सांभाळणारा ब्लॅदर्स घेत नाही, दुकानही विकत घेत नाही. घेण्यापूर्वी चित्र जवळून दाखवण्याची सोय आहे, ती वापरा. व्हर्मीरच्या मुलीच्या कानात मोत्याऐवजी चांदणी दिसली, मोनालिसाच्या भुवया चढलेल्या दिसल्या किंवा मायकेलअँजेलोच्या डेव्हिडने काखेत पुस्तक धरलेलं दिसलं, तर ते सोडून द्या. माझ्या भाच्याने मूळ चित्रं पहिल्यांदा नीट पाहिली ती या कोल्ह्यामुळे. खरं कोणतं हे ठरवायला तो घरातलं चित्रांचं पुस्तक शेजारी उघडून बसायचा.

मुलं खेळत असतील तर पाहुण्यांचा प्रश्न पालकांनी हाती घ्यावा. बेटाचं दार कोडने उघडतं, आणि तो कोड ज्याच्या हाती लागेल तो येऊ शकतो. पाहुणा फळं तोडू शकतो, पडलेल्या वस्तू उचलू शकतो. कुऱ्हाड आणि फावडं मात्र ज्याला आपण जिवलग मित्रांच्या यादीत घातलंय त्यालाच चालवता येतं. त्या यादीत प्रत्यक्ष ओळखीची माणसंच असू द्या. बेल्स किंवा आवडते शेजारी खऱ्या पैशांत विकणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. इतरांची नटवलेली बेटं पाहून आपलं बेट उणं वाटू लागतं, तोही एक धोकाच आहे.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. गेल्या पावसाळ्यात शिकवणीहून येताना भाच्याला पावसाने गाठलं. दप्तर आतपर्यंत भिजलं आणि दप्तरात यंत्र होतं. दुरुस्तीनंतर ते सुरू झालं, पण आत काहीच शिल्लक नव्हतं. दुसरे काही खेळ खात्यात जपून ठेवलेले होते, ते परत आले. बेट आलं नाही. या खेळाची नोंद इतर खेळांसारखी आपोआप ऑनलाइन साठवली जात नाही, तिच्यासाठी वेगळी सोय आहे आणि ती जुलै २०२० पासून उपलब्ध आहे. त्याची झाडं, संग्रहालयातला समुद्र, माझी पत्रं, सगळं गेलं. तो रडला नाही, पण बेटावरच्या शेजारणीचं काय झालं असेल असं त्याने दोनदा विचारलं.

म्हणून हे आजच करा. निन्टेंडोचं ऑनलाइन सदस्यत्व असू द्या. खेळाच्या पहिल्या पडद्यावर वजाचं बटण दाबा, टॉम नूक बोलायला येईल. त्याला बेटाचा बॅकअप सुरू करायला सांगा आणि यंत्र इंटरनेटला जोडलेलं ठेवा. नवीन यंत्र घेणार असाल तर जुनं पुसण्याआधी बेट हलवण्याचं स्वतंत्र साधन उतरवून घ्या, कारण नेहमीच्या पद्धतीने खातं हलवलं तरी बेट सोबत येत नाही. पहिलं झाड लावण्याआधी एवढं उरकून घ्या.