देवीच्या नावाआधी तिचं काम

चि. सोनू हिस,


कादंबरीची प्रकरणं वाचली. ग्रीक बंदरावरची तुझी माणसं खरी वाटतात, म्हणूनच त्यांच्या देवीचं नाव मला खटकलं. 'झोरायला' कानाला गूढ लागतं, पण वादळात सापडलेला खलाशी ते नाव घेईल असं वाटत नाही. तो जिचा धावा करतो तिच्या नावाचा अर्थ त्याला कळायला हवा.

ग्रीक कवी हेसिओदच्या 'थिओगोनी'त समुद्रदेव नीरिअसच्या 50 मुलींची नावं आहेत. ती यादी मोठ्यानं वाच. गालेने म्हणजे निवांत समुद्र, पोंतोपोरेया म्हणजे सागर ओलांडणारी, एउलिमेने म्हणजे चांगल्या बंदराची. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना जे जे हवं असतं, ते सगळं त्या नावांत आहे. रोजच्या बोलीतले दोन शब्द जोडून अशी कितीतरी नावं घडली आहेत. नवं नाव करायचंच असेल तर याच रीतीनं कर. स्त्रीनामाच्या शेवटी बहुधा ए, आ किंवा इस येतं, पण त्याचा हट्ट धरू नकोस. अपोलोची आई लेतो आहेच.

मात्र त्याआधी एक विचार कर: नवी देवी खरंच हवी आहे का? ग्रीक लोक पुष्कळदा जुन्याच देवाला गावच्या गरजेप्रमाणे बिरुद देत. हर्मिओने गावी अफ्रोदितेचं देऊळ होतं. तिथे ती 'सागराची' आणि 'बंदराची' म्हणून पुजली जाई. क्निदोसला तीच 'सुखरूप सफर घडवणारी'. ऑलिंपियातून माश्या जाव्यात म्हणून तिथले लोक 'माश्या हाकलणाऱ्या' झ्यूसला बळी देत. आकाशाचा राजा, आणि त्याच्याकडे मागणं हे! मला त्यांच्या भक्तीतला हा आपलेपणा फार आवडतो, आणि तुझ्या कादंबरीत मला तोच हवा आहे.

नवा देव आला तेव्हाही जुनं नाव सुटलं नाही. राजा टॉलेमी पहिला याच्या काळात अलेक्झांड्रियात सेरापिस या देवाची उपासना उभी राहिली. देवाचं रूप ग्रीक घडवलं, पण नाव मेंफिसच्या ओसिरिस-आपिसवरून आलं. राजाश्रय मिळालेल्या देवालाही जुन्या नावाचा आधार लागला.

तेव्हा 'झोरायला' सध्या बाजूला ठेव. तुझ्या बंदरावर कुणाचं तारू परतलेलं नाही, देवीला नवस कोणती बाई बोलते, काय वाहते, हे आधी लिही. मग देवीला काय म्हणायचं ते त्या बाईच्या तोंडून येऊ दे, आणि तेवढंच प्रकरण मला पाठव.

तुझी,
आत्या