उपदेश आणि आचरण : गुरगावचा एक धडा

दिल्लीच्या नैर्ऋत्येस असलेल्या गुरगावचे नाव २०१६ साली अधिकृतपणे गुरुग्राम झाले. हे गाव द्रोणाचार्यांना गुरुदक्षिणा म्हणून मिळाले होते, अशी परंपरागत समजूत आहे. गुरूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भूमीत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लोकशिक्षणाचा एक मोठा प्रयोग झाला. तो एखाद्या शाळेपुरता नव्हता. संपूर्ण जिल्हा हाच त्याचा वर्ग होता. दुसऱ्याला सुधारू पाहणाऱ्याने प्रथम स्वतःत कोणती सुधारणा करावी, हे त्या प्रयोगाच्या यशापेक्षा त्याच्या अपयशातून अधिक स्पष्ट होते.

फ्रँक ल्यूगार्ड ब्रेन हे १९२० साली गुरगावचे डेप्युटी कमिशनर झाले. त्या वेळी हा जिल्हा पंजाब प्रांतात होता. पाऊस बेभरवशाचा, जमीन कोरडी आणि शेतकरी कर्जात बुडालेला, अशी तेथील स्थिती होती. ब्रेन यांचे निदान पुष्कळ अंशी अचूक होते. शेणाच्या गोवऱ्या जाळल्यामुळे शेत खताला मुकते, घराजवळच्या उकिरड्यांमुळे रोगराई वाढते, खिडकी नसलेल्या घरात हवा खेळत नाही, दागिन्यांत व लग्नात पैसा जातो आणि मुली शाळेबाहेर राहतात, हे त्यांनी पाहिले. सहा फूट खोल खड्डे खणून त्यांत शेण व केरकचरा साठवावा, लोखंडी नांगर वापरावा, घराला खिडकी ठेवावी, मुलींना शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी गुरगावात ग्रामीण अर्थशास्त्राची शाळा निघाली, गावोगावी मार्गदर्शक नेमले गेले, आणि जादूचे कंदील, गाणी व प्रदर्शने यांचा मुक्तपणे वापर झाला. ब्रेन स्वतः अथक परिश्रम करीत. त्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

१९२९ साली त्यांचे ‘सॉक्रेटिस इन अॅन इंडियन व्हिलेज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात सॉक्रेटिस गावकऱ्यांशी संवाद करतो आणि प्रश्नामागून प्रश्न विचारून त्यांच्या चालीरीतींतील विसंगती दाखवून देतो. मात्र ग्रीसमधील सॉक्रेटिसची ख्याती आपले अज्ञान मान्य करून प्रश्न विचारण्याबद्दल होती. ब्रेन यांच्या सॉक्रेटिसला उत्तर आधीच ठाऊक असते. अशा संभाषणात समोरचा माणूस निरुत्तर होतो, पण निरुत्तर होणे आणि पटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

गोवरीचेच उदाहरण घ्यावे. लाकूडफाटा दुर्मीळ असलेल्या प्रदेशात गोवरी हे हाताशी असलेले जळण होते. तिचा विस्तव मंद असतो. त्यावर दूध तापत ठेवून घरातील स्त्री शेतावर किंवा दुसऱ्या कामाला जाऊ शकते. गोवरी जाळू नका, असे सांगणाऱ्याने मग काय जाळावे, या प्रश्नाचे उत्तर शोधणे आवश्यक होते, आणि ते चूल सांभाळणारीला विचारल्याखेरीज सापडणारे नव्हते. जिल्ह्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यासमोर मात्र माणूस सहसा मान डोलावतो. ती मान आदराची आहे, भीतीची आहे की संमतीची, हे अधिकाऱ्याला कळत नाही.

ब्रेन यांची १९२८ च्या सुमारास गुरगावहून बदली झाली आणि कार्याचा जोर झपाट्याने ओसरला. मार्गदर्शकांचे प्रशिक्षण अपुरे होते आणि सारी प्रेरणा एका माणसाकडून, वरून खाली येत होती. सामूहिक विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला. त्याच्या पूर्वसूरींमध्ये गुरगावच्या प्रयोगाची गणना होते, पण एका व्यक्तीवर विसंबलेले कार्य टिकत नाही, याचा दाखला म्हणूनही त्याचा उल्लेख केला जातो.

त्याच काळात महाराष्ट्रात स्वच्छतेचा आणि काटकसरीचा जवळजवळ तोच संदेश एक निराळा माणूस देत होता. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, १९०५ साली घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, जवळ मातीचे गाडगे आणि हातात खराटा एवढीच त्यांची साधने होती. गावात आले की ते प्रथम रस्ते व गटारे झाडू लागत. बघता बघता गावकरीही हाती झाडू घेत. कीर्तन रात्री होई. त्यातही ते प्रश्नच विचारीत, पण श्रोत्यांच्याच बोलीत, आणि उत्तर श्रोत्यांच्या तोंडून येई. पाया पडू पाहणाऱ्याला ते अडवीत. आपला कोणी गुरू नाही आणि कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. १९५६ साली ते निवर्तले, तरी त्यांच्या संस्थांचे कार्य थांबले नाही.

ब्रेन यांच्या हाती सत्ता होती; गाडगेबाबांच्या हाती खराटा होता. हा भेद केवळ स्वभावाचा नाही. ज्याने गटार आधी स्वतः उपसले, त्याला त्या कामातील कष्ट ठाऊक असतात, म्हणून त्याच्या शब्दाला ऐकणाऱ्याच्या अडचणीची जाणीव असते.

आजच्या गुरुग्रामात उंच इमारती आहेत, पण कचऱ्याचा प्रश्न संपलेला नाही. ओला, सुका व घातक कचरा घरातच वेगळा करावा, असा दंडक २०१६ च्या नियमांनी घालून दिला. घरकाम करणाऱ्या बाईला याविषयी रोज बजावणारे गृहस्थ पुष्कळ असतात. अशा गृहस्थाने आठ दिवस हे काम स्वतः करून पाहावे. डबा लहान पडतो की गाडी अवेळी येते, हे त्याला कळेल. नंतर त्या बाईला तिची अडचण विचारावी, तिचे उत्तर मध्ये न तोडता ऐकावे, आणि जे बदलणे आपल्या हाती आहे ते आधी बदलावे. इतके झाल्यावर सांगण्यासारखे फारसे उरत नाही. आणि जे उरते, ते ऐकले जाते.