तिसऱ्याचा वाटा : विभक्त आईबाप आणि मुलांचे हक्क

दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. एका भांडणाला मात्र ती लागू पडत नाही. नवरा-बायको वेगळे होतात तेव्हा तिसरे असते ते मूल, आणि त्याच्या वाट्याला लाभ क्वचितच येतो. बाप म्हणतो, मूल माझ्या नावाचे. आई म्हणते, मी नऊ महिने वाढवले. दोघेही आपापला हक्क सांगतात. मुलाचा हक्क कोणता, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. या लेखात तोच प्रश्न विचारायचा आहे, आणि आपल्या देशाचा कायदा त्याचे काय उत्तर देतो ते साध्या शब्दांत मांडायचे आहे.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या आपल्या भागात हा प्रश्न नवीन नाही. कोकणातून आणि घाटावरून माणसे गिरणीत कामाला आली. कित्येकांचा संसार एक पाय मुंबईत आणि एक पाय गावी असाच झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. पगाराची पाकिटे थांबली तसे अनेक घरांतले ताणही वाढले. कोणी गावी गेले ते परत आले नाहीत, कोणाच्या बायका माहेरी गेल्या त्या तिकडेच राहिल्या. चाळीत अशा बाईला ‘टाकलेली’ म्हणतात, पुस्तकात ‘परित्यक्ता’ म्हणतात. शब्द कोणताही वापरला, तरी अशी पुष्कळशी घरे कोर्टाची पायरी न चढताच मोडलेली असतात. कागद नसतो, म्हणून मुलाने कोठे राहायचे आणि त्याचा खर्च कोणी करायचा हे ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो. कायद्याची माहिती हवी ती या कारणासाठी.

चार शब्द, चार अर्थ

आपण बोलताना ‘पोर कोणाकडे’ एवढेच म्हणतो. कायद्यात त्याचे चार भाग पडतात. पहिला पालकत्व, म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा आणि त्याची मालमत्ता सांभाळण्याचा अधिकार. दुसरा ताबा, म्हणजे मूल रोज कोणाजवळ राहणार. तिसरा भेट, म्हणजे ज्याच्याजवळ मूल राहत नाही त्याला ते केव्हा व कसे भेटणार. चौथा पोटगी, म्हणजे मुलाच्या अन्नवस्त्राचा, निवाऱ्याचा, औषधाचा व शिक्षणाचा खर्च. हे चारही एकाच व्यक्तीकडे जातीलच असे नाही. ताबा आईकडे, पोटगी बापाकडून आणि भेट दर दुसऱ्या रविवारी, अशी वाटणी नेहमी होते.

पालक कोण?

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या कलम ६ मध्ये अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक प्रथम बाप आणि त्याच्यानंतर आई, असा क्रम दिला आहे. ‘नंतर’ या एका शब्दाने अनेक आयांना बँकेत, शाळेत आणि कचेरीत परत पाठवले.

या शब्दाला पहिला मोठा धक्का बसला तो महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात. जिजाबाई विठ्ठलराव गजरे विरुद्ध पठाणखान या नावाने तो ओळखला जातो. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल १९७० साली दिला. जिजाबाई अज्ञान असताना तिची शेतजमीन तिची आई पाहत होती. आईबापांचे पटत नव्हते आणि ती दोघे वीस वर्षांहून अधिक काळ वेगळी राहत होती. १९५१ पासून आई ती जमीन कुळाला खंडाने देत आली होती. वाद असा की बाप हयात असताना आईने केलेला हा करार खरा धरायचा का? न्यायालयाने म्हटले की बाप जिवंत असला तरी मुलीच्या बाबतीत तो असून नसल्यासारखाच होता, म्हणून आईला नैसर्गिक पालक मानले पाहिजे. शेताच्या बांधावरून सुरू झालेल्या भांडणात देशातल्या विभक्त आयांना आधार देणारे तत्त्व निघाले.

याच निकालाचा आधार पुढे गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या खटल्यात घेतला गेला. या लेखिकेने १९८४ साली मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी स्वतःच्या सहीने अर्ज केला. बँकेने बापाची सही किंवा पालकत्वाचा दाखला मागितला. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ‘नंतर’ म्हणजे ‘मृत्यूनंतर’ असा अर्थ घेण्याचे कारण नाही. बाप दूर असेल, मुलाकडे लक्ष देत नसेल किंवा दोघांनी तसे ठरवले असेल, तर बापाच्या हयातीतही आई पालक असू शकते. कायद्याच्या पुस्तकात शब्दांचा क्रम आजही तोच आहे. त्याचा अर्थ मात्र बदलला आहे.

ताबा : कोणाचा विजय?

ताब्याचा मुख्य कायदा १८९० सालचा आहे, पालक व पाल्य अधिनियम. तो सर्व धर्मीयांना लागू आहे. मुलाचे वय, त्याची प्रकृती व गरजा, मागणाऱ्याचे चारित्र्य व कुवत, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची स्वतःची इच्छा, हे सारे न्यायाधीशाने पाहायचे असते. १९५६ च्या कायद्याने पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहावे असे म्हटले आहे, आणि मुलाचे हित हीच सर्वांत श्रेष्ठ गोष्ट ठरवली आहे. मुस्लिम कायद्यात लहान मुलांच्या बाबतीत आईच्या या अधिकाराला ‘हिजानत’ म्हणतात. हनफी पंथात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत तो आईकडे असतो.

रोझी जेकब यांच्या १९७३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की मुले म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हे की खेळणी नव्हेत. म्हणून ताबा मिळाला म्हणजे आपण खटला जिंकलो, असे मानणे चुकीचे. ताब्याचा हुकूम कायमचाही नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो.

आपल्या भागासाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. भांडण झाले की मूल गावी आजीकडे पाठवून देतात. मग अर्ज कोठे करायचा? मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात, असे १८९० चा कायदा सांगतो. ऐन भांडणात मुलाला एसटीत बसवून दिले म्हणजे त्याचे राहण्याचे ठिकाण लगेच बदलले असे होत नाही. शाळा, घर, आधीची वर्षे हे सारे पाहिले जाते.

भेट आणि पैसा

मी स्वतः अशाच घरातला आहे, म्हणून हा भाग थोडा अनुभवाने लिहितो. आई लालबागला पोळीभाजीच्या केंद्रात काम करते. वडील उपनगरात राहतात. कोर्टाने ठरवल्याप्रमाणे दर दुसऱ्या रविवारी अकरा वाजता ते चाळीच्या खाली उभे राहत आणि मला व धाकट्या बहिणीला राणीच्या बागेत नेत. ज्या महिन्यात पैसे आले नसत, त्या महिन्यात आई म्हणे, “पैसे नाहीत तर पोरेही नाहीत.” आणि भेट चुकली की वडील म्हणत, “पोरे दाखवत नाही तर पैसे कशाला?” दोघांचेही बोलणे मला तेव्हा बरोबर वाटे.

कायद्याने पाहिले तर दोन्ही चूक. भेट ही पैशाची पावती नव्हे, आणि पोटगी हे भेटीचे तिकीट नव्हे. दोन्ही हक्क मुलाचे आहेत. एक थकला म्हणून दुसरा अडवला, तर मुलाचे एकाऐवजी दोन प्रकारे नुकसान होते. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज करावा, भेट नाकारली तर भेटीचा अर्ज करावा, हाच मार्ग आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू यांच्या खटल्यात म्हटले की मुलाला आई आणि बाप दोघांच्याही मायेचा अधिकार आहे, आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तर निदान फोनवर, व्हिडिओवर बोलणे तरी झाले पाहिजे. केंद्रीय विधी आयोगाने मे २०१५ मधील २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याचीही शिफारस केली होती.

पोटगीचा हिशेब

फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ हे नाव चाळीतल्या बायकांनाही पाठ असते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. हे कलम कोणत्याही धर्माच्या मुलाला लागू आहे. आईबापांचे लग्न झालेले नसले तरी मुलाचा हक्क कायम राहतो. मुस्लिम मुलांचा हा हक्क १९८६ च्या घटस्फोटविषयक कायद्याने कमी झालेला नाही, असे नूर सबा खातून यांच्या खटल्यात १९९७ साली ठरले.

पूर्वी या कलमाखाली महिन्याला ५०० रुपयांच्या वर पोटगी देता येत नसे. २००१ साली ही मर्यादा काढून टाकण्यात आली. आता रक्कम आईबापांच्या ऐपतीवर आणि मुलाच्या गरजेवर ठरते. ऐपत कशी कळणार, हाच मोठा पेच असतो. नोकरी असली तर पगाराची पावती दिसते. गिरण्या गेल्यावर आपल्या भागात जी कामे आली, त्यांत रोख पैसा मिळतो आणि कागद मिळत नाही. यावर उपाय सुचवला तो नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या एका खटल्याने. तेथे २०१५ साली पत्नीला महिना १५,००० रुपये आणि मुलाला सुरुवातीला ५,००० व पुढे १०,००० रुपये अंतरिम पोटगी ठरली. पतीने ती लढवत सर्वोच्च न्यायालय गाठले. रजनीश विरुद्ध नेहा या नावाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी लागलेल्या निकालात न्यायालयाने सर्व देशासाठी नियम घालून दिले. नवरा आणि बायको दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता व कर्ज यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. मुलाच्या खर्चात शिक्षण आणि शिकवणीही धरावी. शिक्षणाचा खर्च सामान्यतः बापाने करावा, पण आई पुरेसे कमावत असेल तर तो प्रमाणात वाटून घ्यावा.

काम नाही ही सबब धडधाकट माणसाला चालत नाही. अंगमेहनत करूनही बायकापोरांना पोसले पाहिजे, असे २०२२ च्या एका निकालात स्पष्ट म्हटले आहे. पोटगी थकवली तर वॉरंट निघते आणि प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही. मात्र वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ‘आज देईल, उद्या देईल’ म्हणत थांबणाऱ्या आयांनी ही मुदत लक्षात ठेवावी.

जबाबदारी एकट्या बापाची नाही, हेही सांगितले पाहिजे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ याचे कलम २० आई आणि बाप दोघांवरही मुलांना सांभाळण्याचे बंधन घालते.

दाद कोठे मागावी?

मुंबईत १९८९ पासून कुटुंब न्यायालय आहे. ते वांद्र्याला भरते. त्यापूर्वी घटस्फोटासाठी एक न्यायालय आणि पोटगीसाठी दंडाधिकाऱ्याचे दुसरे, अशी धावाधाव होई. आता ताबा, भेट आणि पोटगी एकाच ठिकाणी पाहिली जाते. तेथे विवाह समुपदेशक असतात आणि ते आधी समेटाचा प्रयत्न करतात. घरात मारहाण असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली राहण्याचा हक्क, खर्च आणि मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रिया व मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी वकील मोफत मिळतो. ‘वकिलाला पैसे कोठून आणू’ या एका धास्तीने अडलेल्या घरांना एवढे जरी कोणी सांगितले, तरी मोठे काम होईल.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर

कायद्याची एक उणीव मला विशेष जाणवते. कलम १४४ खालचा मुलाचा हक्क अठराव्या वर्षी संपतो. अपंगत्वामुळे जो स्वतःचे पोट भरू शकत नाही त्यालाच पुढे तो मिळतो. अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर तिचा हक्क १९५६ च्या कायद्याने पुढेही चालू राहतो, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा मान्य केला. म्हणजे माझ्या बहिणीच्या शिक्षणाला आधार आहे, आणि त्याचा मला आनंद आहे. माझी पोटगी मात्र बारावीच्या वर्षीच बंद झाली. आमच्या घरात कॉलेजात येणारा मी पहिला. ज्या वयात शिक्षणाचा खर्च वाढतो, त्याच वयात कायदा हात काढून घेतो. अठरा वर्षांच्या मुलाने मिळवावे हा विचार १८९८ च्या जुन्या संहितेच्या काळी ठीक असेल. आज पदवीशिवाय नोकरीचा अर्जही घेत नाहीत. निदान पहिली पदवी होईपर्यंत मुलगा-मुलगी असा भेद न करता हा हक्क वाढवावा, असे मला वाटते.

कायदा बदलणे आपल्या हातात नाही, पण कागद बदलणे काही अंशी आहे. फीसवलतीचा अर्ज घेऊन मी एका कार्यालयात गेलो तेव्हा “वडिलांची सही आणि उत्पन्नाचा दाखला आणा,” असे सांगून तो परत दिला गेला. ज्या वडिलांचे उत्पन्न आमच्या घरात येतच नाही, त्यांचा दाखला कशासाठी? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र शासनाने आवश्यक केले आहे. मग आजच्या विद्यार्थ्याच्या अर्जावर आईची सही का चालू नये? जिजाबाईच्या आईचा करार १९७० साली मान्य झाला. त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. आपल्या वर्गातही अशा घरांतली मुले असतील आणि ती बोलत नसतील. प्राध्यापकवर्गाला माझी नम्र विनंती आहे की महाविद्यालयाच्या अर्जांवर जेथे ‘वडिलांची सही’ असे छापले आहे, तेथे पुढच्या वर्षापासून ‘पालकाची सही’ एवढे छापावे. त्याला नवा कायदा लागत नाही.