बोलता बोलता इंग्रजी : खेड्यातील मंडळ्यांकरिता एक पाठ



गेल्या नाताळाच्या सुमारास दर्यापुराकडील एका खेड्यातून एक तरुण आपल्या आईसह आम्हांकडे आला. मुलगा बारावी शिकलेला, अक्षर वळणदार, इंग्रजी विषयात गुणही बरे मिळविलेले. ऐन पेरणीच्या दिवसांत अकोल्यास एका कचेरीत नोकरीकरिता त्याची मुलाखत झाली होती. मुलाखत संपल्यावर तेथील साहेब हसतमुखाने त्यास म्हणाले, "वुई विल लेट यू नो." तरुणाने एकेका शब्दाचा अर्थ लाविला : "आम्ही तुम्हांस कळवू." साहेबांनी वचन दिले असे समजून तो घरी परतला. त्याच आठवड्यात बडनेऱ्यास एका दुकानात हिशेबाचे काम मिळत होते, ते त्याने नाकारिले. पुढे सोयाबीन निघाले, कापसाची वेचणी झाली, तरी अकोल्याहून ना पत्र आले, ना फोन आला.

त्याच्या आईने आम्हांस विचारिले, "पाळकसाहेब, थे साहेब खोटं बोलले का जी?"

आम्ही म्हणालो, "माई, मुलगी पाहावयास आलेले पाहुणे चहापोहे घेऊन उठतात आणि 'घरी जाऊन कळवितो' असे म्हणतात, तेव्हा मुलीची आई काय समजते?" माईने क्षणभर विचार केला व एक सुस्कारा टाकिला. "म्हंजे तसं होय!" असे ती म्हणाली.

त्या मुलास शब्द पाचही येत होते. प्रसंग मात्र ठाऊक नव्हता. आजचा पाठ एवढ्याच गोष्टीविषयी आहे. नित्याच्या बोलण्यातील इंग्रजी हे शब्दांची बेरीज करून समजत नाही. कोण, कोणास, कोणत्या वेळी काय म्हणतो, हे कानाने ऐकून व तोंडाने म्हणून ते येते.

१. शब्द आपणांपाशी आहेतच

"मले इंग्रजी येत नाही जी," असे आमचे शेतकरी बंधू सांगतात. आणि त्याच दमात म्हणतात की मोटरीचा स्टार्टर जळाला, फ्यूज उडाला, जिनिंगात गाडी अडली, कॉटन मार्केटात नंबर लागला नाही. हे शब्द त्यांस कोणत्या शाळामास्तराने शिकविले? १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे अकोला व बडनेरा ह्या मार्गाने नागपुरास पोहोचली. कापसाच्या गाठी तिच्यावरून मुंबईस जाऊ लागल्या, आणि इंग्रजी शब्द त्याच मार्गाने आपल्या गावांत उतरले. प्लॅटफॉर्माचा फलाट झाला, स्टेशनाचे ठेसन झाले, लँटर्नची लालटेन झाली. ज्यांनी हे शब्द घडविले त्यांतील पुष्कळांस अक्षरओळखही नव्हती. त्यांनी ऐकिले, गरज पडली तसे वापरिले, आणि शब्द आपलासा केला. तेव्हा कानाने शिकण्याची रीत आम्हांस नवी नाही. मात्र आमच्या वडिलांनी वस्तूंची नावे घेतली. वाक्ये घेण्याचा प्रसंग त्यांस क्वचितच आला. तो प्रसंग आज आमच्या मुलांस नित्य येतो.

आणखी एक उदाहरण आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे. मेळघाटातील कोरकू बंधूंची भाषा मराठीच्या कुळातील नव्हे. ती मुंडा कुळातील, संथाळी व मुंडारी यांची नातलग आहे. तरीही धारणीच्या किंवा चिखलदऱ्याच्या बाजारात कोरकू माणूस मराठी व हिंदी बोलून सौदा करितो. हे त्यास व्याकरणाच्या पुस्तकाने शिकविले नाही, बाजाराने शिकविले. उलट इंग्रजी ही मराठीची दूरची का होईना, आप्त आहे. दोघींचे मूळ घराणे एकच. कोरकू बंधू जर एवढी मोठी दरी ओलांडतात, तर आम्ही लहानशी नाली पाहून का थबकावे?

२. पूर्वी कोण कसे शिकले

विल्यम केरी यांचे नाव आमच्या वाचकांस परिचयाचे आहे. इंग्लंडात जोडे शिवण्याचा धंदा करणारे हे गृहस्थ १७९३ साली बंगाल्यात आले. मराठीचे व्याकरण त्यांनी १८०५ साली व मराठीचा कोश १८१० साली छापिला, आणि त्या कामी वैजनाथ पंडितांचे त्यांस मोठे साह्य झाले. परंतु त्याही आधी, १८०१ साली, श्रीरामपुराहून त्यांनी 'कथोपकथन' नावाचे बंगाली संभाषणांचे पुस्तक प्रसिद्ध केले. कंपनी सरकारच्या तरुण साहेबांस बंगाली बोलता यावी हा त्याचा हेतू होता. त्या पुस्तकात दरबारी भाषणे भरली आहेत असे कोणी समजू नये. मजूर कामाविषयी काय बोलतात, कोळी काय बोलतात, बायका बाजारास कशा निघतात, शेजारणी कशा भांडतात, असे संवाद त्यात आहेत. साहेबांस जर मजुराच्या तोंडून भाषा शिकावी लागली, तर आम्हांस सिस्टरच्या, गार्डाच्या किंवा बँकेतील कारकुनाच्या तोंडून शिकण्यात कमीपणा कसला?

पंडिता रमाबाई यांचेही उदाहरण घ्यावे. त्यांचा जन्म १८५८ चा. संस्कृतात त्या पारंगत होत्या, परंतु इंग्रजीचा आरंभ त्यांनी मोठेपणी केला. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या. तेथे हिंदुस्थानात येणाऱ्या भगिनींस त्या मराठी शिकवीत आणि स्वतः इंग्रजीत वावरत. चारच वर्षांनी, १८८७ साली, त्यांचे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. येथे देणेघेणे होते हे ध्यानात धरावे. जो आपली भाषा दुसऱ्यास देतो, त्यास दुसऱ्याची भाषा मागण्याचा संकोच वाटत नाही.

३. काही नित्याची वाक्ये व त्यांचे मर्म

पहिले वाक्य : "हाऊ आर यू?" आमच्या गावात सकाळी कोणी विचारितो, "काय जी, झालं का जेवण?" तेव्हा त्यास भाजीचे नाव ऐकावयाचे नसते; तो केवळ आपुलकी दाखवितो. तसेच हे आहे. येथे गुडघेदुखीची कथा सांगू नये. "फाइन, थँक यू. अँड यू?" एवढे पुरे. मात्र हाच प्रश्न डॉक्टराने विचारिला तर गुडघ्याचे अवश्य सांगावे!

दुसरे : "प्लीज." आमच्या वऱ्हाडात आदर "जी"मध्ये असतो. "या जी," "बसा जी," "कुठी जाता जी?" ह्यांतील "जी" काढून टाका, म्हणजे वाक्य हुकूम वाटू लागते. इंग्रजीत ते काम "प्लीज," "मे आय" व "कुड यू" हे शब्द करितात. "गिव्ह मी द फॉर्म" म्हटल्यास कारकुनाच्या कपाळास आठी पडेल; "कुड यू गिव्ह मी द फॉर्म, प्लीज?" म्हटल्यास पडणार नाही. "जी" विसरू नका, एवढे ध्यानात ठेविले तरी पुष्कळ साधेल.

तिसरे : "एक्स्क्यूज मी" आणि "सॉरी." पहिले हाक मारण्यापूर्वी किंवा वाट मागताना म्हणावे, दुसरे चूक झाल्यावर. "पार्डन?" असे सूर चढवून म्हटले तर त्याचा अर्थ "पुन्हा सांगता का?" असा होतो.

चौथे : "आय ॲम अफ्रेड." शब्दाने पाहिले तर "मला भीती वाटते." परंतु "आय ॲम अफ्रेड द डॉक्टर इज नॉट इन" म्हणणारी सिस्टर भ्यालेली नसते. डॉक्टर आज नाहीत हे ती दिलगिरीने सांगत असते.

पाचवे : "यू आर वेलकम." आम्ही "थँक यू" म्हटल्यावर समोरचा असे म्हणतो. ते आमंत्रण नव्हे. "त्यात काय एवढे" असा त्याचा भाव.

सहावे : "माझे डोके दुखते" ह्याचे शब्दशः रूप करून "माय हेड इज पेनिंग" म्हणण्याची आम्हां सर्वांस सवय आहे. "आय हॅव अ हेडेक" असे म्हणावे. तसेच "व्हॉट इज युअर गुड नेम?" हे आमच्या शुभनामाचे भाषांतर होय. येथे ते चालून जाते. परदेशातील मनुष्य मात्र आपले वाईट नाव कोणते ह्या विचारात पडतो. "मे आय नो युअर नेम, प्लीज?" हे सर्वत्र चालते.

सातवे वाक्य आमच्या स्वतःच्या फजितीने शिकलेले आहे. आम्ही सेमिनरीत नवे असताना आगगाडीतून प्रवास करीत होतो. एक वृद्ध परदेशी गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "वुड यू माइंड इफ आय सिट हिअर?" आम्ही आदराने उभे राहून मोठ्याने म्हणालो, "येस, सर!" गृहस्थ किंचित चपापले आणि दूरच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी विचारिले होते, "मी येथे बसलो तर तुमची हरकत आहे काय?" आणि आम्ही उत्तर दिले होते, "होय, आहे!" अशा वेळी "नॉट ॲट ऑल, प्लीज सिट डाउन" म्हणावयाचे असते. हे आम्हांस एका सोबत्याने नागपूर आल्यावर सांगितले. तोवर त्या वृद्धाशी बोलण्याची संधी गेली होती. त्या दिवसापासून ते वाक्य मात्र आम्ही कधी विसरलो नाही.

४. दवाखान्यातील एक संभाषण

दोघांनी समोरासमोर बसून हे म्हणावे, मग जागा बदलून पुन्हा म्हणावे.

गावकरी : एक्स्क्यूज मी, सिस्टर. इज द डॉक्टर इन?
सिस्टर : आय ॲम अफ्रेड ही इज नॉट इन टुडे. कम टुमॉरो मॉर्निंग, ऑन ॲन एम्प्टी स्टमक.
गावकरी : पार्डन? स्लोली, प्लीज.
सिस्टर : कम टुमॉरो मॉर्निंग. डू नॉट ईट बिफोर यू कम.
गावकरी : टुमॉरो मॉर्निंग, नो फूड. इज दॅट राइट?
सिस्टर : येस, दॅट्स राइट.
गावकरी : कॅन आय ड्रिंक वॉटर?
सिस्टर : येस, ओन्ली वॉटर.
गावकरी : थँक यू, सिस्टर.
सिस्टर : यू आर वेलकम.

ह्यात सर्वांत मोलाचे वाक्य "इज दॅट राइट?" हे होय. ऐकिलेले आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवावे आणि खरे आहे काय ते विचारावे. समजले नसता "येस, येस" म्हणून बाहेर पडणे ही आमची जुनी खोड आहे. रक्ततपासणीस न्याहारी करून गेलेला मनुष्य परत पाठविला जातो, त्याचे एसटीचे भाडे व दिवसाची मजुरी बुडते, आणि आजार तसाच राहतो. आमच्या त्या तरुणानेही जर नम्रपणे "बाय व्हिच डेट, प्लीज?" असे विचारिले असते, तर उत्तरावरून त्यास पुष्कळ कळले असते, आणि बडनेऱ्याचे काम हातचे गेले नसते.

५. हसणे व लाजणे

आता जी गोष्ट ह्या सर्वांच्या आड येते ती सांगतो. आमचे लोक इंग्रजी येत नाही म्हणून मुके राहत नाहीत; कोणी हसेल म्हणून मुके राहतात. आम्ही वऱ्हाडी माणसे "डोळा" ह्यास "डोया" व "पाणी" ह्यास "पानी" म्हणतो, म्हणून पुण्यामुंबईकडे आम्हांस हसलेले आहे. त्याची बोच आम्हांस ठाऊक आहे. असे असता मंडळीतील कोणी "आय गोड" म्हणाला की आम्हीच प्रथम हसतो, हे केवढे आश्चर्य! शास्ते ह्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात यार्देनेच्या उताराजवळ "शिब्बोलेथ" हा शब्द ज्यांस म्हणता आला नाही त्यांचे काय झाले, ते उपदेशक बंधूंनी वर्गास वाचून दाखवावे. एका उच्चारावरून भावाने भावास परका ठरविले. आमच्या मंडळीच्या अंगणात तसा उतार कोणी बांधू नये.

तसेच कोणी असेही समजू नये की इंग्रजी आली म्हणजे मनुष्य मोठा झाला. मायबोलीत ज्यास नीट विचारिता येत नाही, त्यास इंग्रजीतही येणार नाही. भाषा ही विहिरीवरील दोर आहे. पाणी काढण्यापुरती ती हाती असावी.

६. आठवड्याचा अभ्यास

(१) दररोज दिवे लागल्यावर दोघे-दोघे दहा मिनिटे बसा. एक कारकून, तिकीटबाबू किंवा सिस्टर होवो, दुसरा गावकरी.
(२) आठवड्यास पाचच वाक्ये घ्या, परंतु ती न पाहता बोलता आली पाहिजेत.
(३) ज्यास इंग्रजी येते त्याने शिकणाऱ्याची चूक मध्येच धरू नये. वाक्य संपल्यावर तेच वाक्य शुद्ध करून शांतपणे म्हणावे.
(४) बाजारात, गाडीत किंवा फोनवर ऐकिलेले एखादे नवे वाक्य वहीत टिपा. त्यापुढे शब्दार्थ न लिहिता, ते कोण, कोणास, केव्हा म्हणाला ते लिहा.
(५) जो हसेल त्याने दुसऱ्या दिवशी सर्वांस चहा पाजावा.

त्या तरुणाच्या गावी हा वर्ग माघ महिन्यापासून सुरू आहे. आरंभी चौघे होते. त्याची आई दाराशी बसून वाती वळीत ऐकत असे. एके रात्री आम्ही तेथे गेलो असता ती आमच्यासाठी पाणी घेऊन आली. आम्ही सहज "थँक यू, माई" म्हणालो. माईने पदर सावरला, मुलाकडे पाहिले आणि म्हणाली, "यू आर वेलकम जी."

कोणी हसले नाही. आम्हांस त्या वाक्यात दुरुस्त करण्याजोगे काही आढळले नाही.