डिंकाची गावे
(खिऑस बेटावरील जुन्या ग्रामरचनेचा परिचय)



काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात जाऊन 'रुमी मस्तकी' मागितली, तर दुकानदार फिकट पिवळसर रंगाच्या, अर्धपारदर्शक खड्यांची एक लहानशी पुडी तुमच्या हाती ठेवील. त्यातील एखादा खडा दाताखाली धरावा, तो प्रथम कटकन फुटतो आणि मग हळूहळू मऊ होऊन चघळता येतो. त्याला देवदाराच्या राळेसारखा सुवास असतो. हा एका झुडपाचा डिंक होय. 'रूम' हे नाव आपल्याकडे पूर्व रोमन साम्राज्याच्या मुलखाला अनुलक्षून रूढ झाले आणि युनानी वैद्यकाबरोबर या औषधाचे नावही आले. 'युनानी' आणि आपल्या संस्कृत ग्रंथांतील 'यवन' हे दोन्ही शब्द मूळ 'आयोनिया' या ग्रीक प्रदेशनामाशी निगडित आहेत. ज्या खिऑस बेटावर हा डिंक निपजतो, ते प्राचीन काळी आयोनियाच्या बारा नगरराज्यांपैकी एक होते. म्हणजे त्या एवढ्याशा पुडीत इतिहास व भूगोल असे दोन्ही विषय बांधलेले आहेत.

प्रस्तुत लेखात या डिंकाचा विचार औषध म्हणून करावयाचा नाही. ज्या गावांनी तो शतकानुशतके पिकविला, त्या गावांची रचना अशी का झाली आणि त्या रचनेवरून तेथील लोकांच्या जीवनाविषयी काय समजते, एवढेच पाहावयाचे आहे.

बेट आणि झाड

नकाशात एजियन समुद्राच्या पूर्व कडेला, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी लगटून खिऑस बेट दिसेल. मधली सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी अवघी सात किलोमीटरांच्या आसपास आहे. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे 842 चौरस किलोमीटर. उत्तरभाग डोंगराळ व रखरखीत. दक्षिणभाग सौम्य टेकड्यांचा. या दक्षिणभागातच मस्तकीची झुडपे लावलेली आहेत. ही जात भूमध्य समुद्राच्या काठी इतरत्रही रानोमाळ उगवते. परंतु व्यापारास योग्य असा हा डिंक दक्षिण खिऑसमध्येच मिळत आला आहे.

झुडूप पुरुष-दोन पुरुष उंचीचे आणि सदाहरित असते. लागवडीनंतर पाचसहा वर्षांनी ते डिंक देऊ लागते. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून, सपाट करून तिच्यावर पांढऱ्या चुनखडीच्या मातीचा थर पसरतात. मग अणकुचीदार हत्याराने सालीवर लहान लहान चिरा पाडतात. त्यांतून रस पाझरतो, थेंबाथेंबाने खाली ठिबकतो आणि पंधरा-वीस दिवसांत घट्ट होतो. खाली पांढरी माती पसरली असल्यामुळे तो स्वच्छ राहतो. एका झाडापासून वर्षाकाठी साधारणतः दीड-दोनशे ग्रॅम माल मिळतो. थंडीच्या दिवसांत गावातील स्त्रिया एकत्र बसून एकेक खडा चाकूच्या टोकाने खरवडून निवडतात. आपल्याकडे पापड-सांडग्यांच्या वेळी शेजारणी जमतात, त्याचीच आठवण व्हावी. हातही चालतात आणि गावच्या गोष्टीही चालतात.

या थेंबांना तेथे 'खिऑसचे अश्रू' म्हणतात. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात संत इसिडोर यांना बेटावर देहान्ताची शिक्षा झाली, तेव्हा झाडे रडू लागली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेला इतिहास म्हणता येत नाही. तथापि लोकांनी आपल्या पिकाला अश्रूंचे नाव का दिले असावे, हे पुढील हकीकतीवरून ध्यानात येईल.

भिंत हेच घर

1346 साली जेनोआ या इटालियन नगरराज्याच्या आरमाराने बेट जिंकले. मोहिमेचा खर्च ज्या धनिकांनी केला होता, त्यांना तो वसूल करावयाचा होता. म्हणून बेटाचा कारभार आणि मस्तकीचा मक्ता त्यांच्या मंडळाकडे गेला. पुढे या भागीदारांनी 'जुस्तिनियानी' हे कुलनाव धारण केले. व्यापारी मंडळी राज्य कशी करतात, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या इतिहासावरून आपणांस ठाऊकच आहे; खिऑसमध्ये तो प्रयोग तिच्याही अडीचशे वर्षे आधी झाला.

या व्यापाऱ्यांपुढे दोन प्रश्न होते. समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांपासून माल सुरक्षित कसा ठेवावा, हा पहिला. आणि शेतकऱ्याने तो परस्पर विकू नये यासाठी काय करावे, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांचे एकच उत्तर त्यांनी दगडांत बांधून ठेवले. ते उत्तर म्हणजे दक्षिण खिऑसची तटबंद गावे.

मेस्ता हे या प्रकारचे उत्तम राहिलेले गाव होय. गावाला निराळा तट नाही; सर्वांत बाहेरच्या ओळीतील घरांच्या पाठभिंती हाच तट. त्या भिंतींना मुळात बाहेरच्या बाजूस खिडक्या वा दारे नव्हती. कोपऱ्यांवर गोल बुरूज होते. आत शिरण्यास मोजके दरवाजे, तेही रात्री बंद होत. आतील रस्ते इतके अरुंद आणि वळणावळणाचे, की नवखा माणूस हमखास वाट चुकावा. काही गल्ल्या ऐन भिंतीशी जाऊन संपतात. ठिकठिकाणी दोन्ही बाजूंची घरे डोक्यावरच्या कमानींनी जोडलेली आहेत. त्या कमानी भूकंपात भिंतींना आधार देतात आणि भर उन्हात सावली धरतात. खाली जनावरे व धान्याचे कोठार, वर माणसांचा संसार आणि उजेड-वाऱ्यासाठी वरच्या मजल्यावर एक लहानसा उघडा चौक, अशी घराची मांडणी असे.

घरांची छपरे सपाट व जवळजवळ एकाच उंचीची ठेवण्यामागेही हेतू आहे. शत्रू दरवाजा फोडून आत आलाच, तर लोकांनी रस्त्यावर न उतरता छपरांवरूनच गावाच्या मध्यभागी असलेला मोठा बुरूज गाठावयाचा. मेस्ताचा तो मधला बुरूज आता नाही. त्या जागी एकोणिसाव्या शतकात एक भव्य चर्च उभे राहिले. ओलिंपी या शेजारच्या गावी मात्र मधला बुरूज अद्याप पाहावयास मिळतो.

येथे क्षणभर आपल्या कोकणपट्टीतील गाव डोळ्यांपुढे आणा. माडा-पोफळींच्या सावलीत दूर दूर विखुरलेली घरे, प्रत्येकापुढे अंगण, अंगणात तुळस आणि कुंपणापलीकडून शेजाऱ्याला घातलेली हाक. मेस्तात अंगण नाही, कुंपणही नाही. एकाची भिंत हीच दुसऱ्याची भिंत. एकाने आपली पाठभिंत ढासळू दिली, तर संकट साऱ्या गावावर येई. म्हणून एकी हा तेथे नुसता सद्गुण नव्हता, ती जगण्याची अट होती.

परंतु तटाचा उपयोग दुहेरी असतो, हे विसरून चालणार नाही. जो दरवाजा चाच्याला बाहेर ठेवतो, तोच शेतकऱ्याला आत ठेवतो. मस्तकीची चोरी करणाऱ्याचे नाक-कान छाटण्यापर्यंतच्या शिक्षा जेनोआच्या अमलात होत्या. ज्याच्या हातांनी झाडाला चिरा पाडल्या, त्याला त्या झाडाचा डिंक स्वतःच्या मर्जीने विकता येत नव्हता.

नक्षीचे गाव

मेस्ता पाहून पिर्गीत यावे, तर अंधारातून एकदम रंगमंचावर आल्यासारखे वाटते. 'पिर्गी' हे नाव 'बुरूज' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. येथील घरांच्या दर्शनी भिंती जमिनीपासून छपरापर्यंत काळ्या-पांढऱ्या नक्षीने भरलेल्या आहेत. या कलेला 'क्सिस्ता', म्हणजे 'खरवडलेले', असे म्हणतात. प्रथम गडद वाळू व चुना यांचा गिलावा करतात. तो ओला असतानाच वर पांढऱ्या चुन्याचा हात देतात. आणि मग काट्यासारख्या हत्याराने पांढरा थर खरवडून खालचा काळा रंग उघडा करतात. त्रिकोण, चौकटी, अर्धवर्तुळे, क्वचित फुले व पक्षी, असा या रचनेचा थाट असतो. ही पद्धत जेनोआकडून आली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. हेमंताच्या आधी सज्जांवर लाल टोमॅटोंच्या माळा वाळत घातलेल्या असतात. काळ्यापांढऱ्या भिंतींवर त्या विशेष खुलून दिसतात. चौकाजवळ पवित्र प्रेषितांचे एक छोटे बायझंटाइन चर्च असून त्यातील भित्तिचित्रे 1665 सालची आहेत.

ज्या गावाचा पाया भीतीवर घातला गेला, त्याच गावाने आपल्या भिंती एवढ्या हौसेने सजवाव्यात, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. भिंत बांधण्याचा हुकूम परक्याचा असेल. तिच्यावर काय कोरावयाचे, ते गावानेच ठरविले.

डिंकाने तारले, डिंकाने मारले

1566 मध्ये बेट उस्मानी तुर्कांच्या ताब्यात गेले. तुर्की भाषेत खिऑसचे नावच 'साकिझ आदासी', म्हणजे 'डिंकाचे बेट', असे आहे. सुलतानाच्या राजवाड्यातही मस्तकीला मोठी मागणी असे. त्यामुळे या गावांना काही सवलती मिळाल्या, आणि त्यांचा कर मस्तकीच्या रूपाने घेतला जाऊ लागला.

1822 साली, ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, बेटावर उठाव होताच सुलतानाच्या सैन्याने भयंकर सूड घेतला. हजारो लोक मारले गेले आणि हजारोंना गुलाम म्हणून विकण्यात आले. फ्रेंच चित्रकार देलाक्रवा याने 1824 मध्ये या प्रसंगावर काढलेले विशाल चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. या संहारात मस्तकीची गावे प्रारंभी वगळण्यात आली; कारण शेतकरी मेला तर झाडाला चिरा कोण पाडणार? पण जून महिन्यात कानारिस नावाच्या ग्रीक खलाशाने तुर्की आरमाराचे मुख्य जहाज जाळले, तेव्हा मात्र क्रोधापुढे हिशेब टिकला नाही आणि त्या गावांवरही घाला पडला. धनामुळे मिळालेले अभय धन्याच्या मर्जीइतकेच टिकते, हा या हकीकतीचा बोध होय.

बेटाच्या मध्यभागी उंच कड्यावर अनावातोस नावाचे गाव आहे. तेथे मस्तकी नव्हती आणि अभयही नव्हते. 1822 मध्ये ते उद्ध्वस्त झाले. पुष्कळांनी शरण जाण्यापेक्षा कड्यावरून उडी घेतली, असे सांगतात. आज तेथे दगडी घरांची रिकामी चौकटच मुख्यत्वे उरली आहे. पुढे 1881 च्या एप्रिलमध्ये झालेल्या भूकंपाने बेटावर आणखी हजारो बळी घेतले आणि अनेक गावे पाडली.

झाड कोणाचे?

1912 साली खिऑस ग्रीसमध्ये सामील झाले. परकी सत्ता गेली. तरी भाव ठरविणे शेतकऱ्याच्या हाती आले नव्हते. व्यापारी स्वस्तात माल उचलीत आणि पीक अधिक आले की किंमत कोसळे. अखेर 1938 मध्ये वीस सहकारी संस्थांचा मिळून मस्तकी उत्पादकांचा संघ स्थापन झाला, आणि पिकविणाऱ्यांच्या वतीने संघच माल गोळा करून विकू लागला. ज्या गावांना तटाने एकत्र राहावयास शिकविले होते, ती आता आपण होऊन एकत्र आली. 2014 साली युनेस्कोने मस्तकी पिकविण्याच्या या परंपरेची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. 2016 मध्ये पिर्गीजवळ मस्तकीचे संग्रहालयही उघडले.

सारेच गोड झाले, असे मात्र समजू नये. अनेक तरुण जहाजांवर वा अमेरिकेत कामधंद्यासाठी गेले आणि कित्येक घरांना कुलपे लागली. 2012 च्या ऑगस्टमध्ये लागलेल्या वणव्यात मस्तकीची पुष्कळ झाडे जळाली. नवे झाड भरपूर डिंक देऊ लागण्यास दहाबारा वर्षे लागतात. म्हणून जळलेल्या जागी जो माणूस रोप लावतो, तो आपल्या मुलांचा विचार करूनच लावतो.

मित्रहो, इतिहास हा केवळ सनावळीत असतो असे आपण समजतो. खिऑसच्या शेतकऱ्याने ग्रंथ लिहिले नाहीत. पण त्याचे भय, त्याचे कष्ट आणि त्याची हौस ही सारी त्याच्या गावाच्या रचनेत वाचता येतात. तशी आपली गावेही वाचता येतील. येत्या सुटीत एक करावे. आपल्या गावाचा साधा आराखडा कागदावर काढावा. देऊळ, तळे, विहिरी, बाजार आणि घरांची तोंडे कोणत्या दिशेस आहेत, ते त्यात दाखवावे. नंतर घरातील वडीलधाऱ्या माणसांपाशी बसून विचारावे, की हे असेच का? गावाचे मुख्य पीक कोणते, ते कोण पिकवीत असे आणि त्याचा भाव कोण ठरवीत असे? मिळतील ती उत्तरे वहीत उतरून काढावीत. पुढील वार्षिकासाठी अशा पाचसहा वह्या जरी माझ्याकडे आल्या, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.