शोरूमची गाडी आणि विक्रमाचा नाद

भाच्या, शोरूममधून आणली तशीच्या तशी गाडी घेऊन विक्रम करायचा, हे एकदा ठरलं ना, मग इंजिनाचा विषय संपला. ईसीयूचा रीमॅप, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, घासलेलं हेड, सांगलीत चहाच्या गाड्यावर तुझे दोस्त जे जे सांगतात ते सगळं बाजूला ठेव. ताकद कंपनीनं ठरवून दिलीय. ती वाढवायची नाही. तिच्यातली किती वाया घालवायची, एवढंच तुझ्या हातात आहे, आणि ते काही थोडं नाही.

सगळ्यात जास्त ताकद वारा खातो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रोध चौपट होतो आणि तो कापायला ताकद आठपट लागते. दीडशेला अडकलेली गाडी एकशे पासष्टला न्यायची म्हटलं, तर नुसत्या वाऱ्यासाठी तेहतीस टक्के जास्त ताकद पाहिजे. स्टॉक गाडीत ती आणणार कुठून? म्हणून हिशोब उलटीकडून मांडायचा. वाऱ्याला जेवढा आकार अडतो तो दहा टक्क्यांनी कमी केलास, तर त्याच इंजिनावर दीडशेचे एकशे पंचावन्न होतात. एक रुपयाचा पार्ट बदलावा लागत नाही, फक्त टाकीवर नीट झोपता आलं पाहिजे.

नीट म्हणजे कसं, ते ऐक. हनुवटी टाकीला टेकलेली, छाती टाकीवर, कोपरं गुडघ्यांच्या आत, गुडघे टाकीला घट्ट. पाय फूटरेस्टवर चवड्यांनी टेकवायचे. टाच बाहेर डोकावली की वाऱ्यात आलीच. बूड सीटच्या मागच्या टोकापर्यंत सरकवायचं. मान वर करून समोर बघायचं असतं, आणि तिथंच पोरं हार खातात. अर्ध्या मिनिटात मान दुखते, डोकं आपोआप वर येतं आणि काटा खाली. म्हणून गाडी डबल स्टँडवर लाव, हेल्मेट घाल आणि संध्याकाळी तसाच पडून राहायचा सराव कर. मागून कुणाला तरी मोबाइलवर फोटो काढायला सांग. आपण किती लहान झालोय असं आपल्याला वाटतं आणि फोटोत काय दिसतं, यात फार अंतर असतं. जाकीट फडफडणारं नको. एकसंध लेदर सूट, अंगाला बसणारा. आरसे काढायची मुभा तू उतरतोस त्या विक्रमाच्या वर्गात असेल तरच काढ.

या बाबतीत रोली फ्री नावाच्या अमेरिकन माणसाच्या वर कुणी गेलं नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला, अमेरिकेत युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर त्यानं व्हिन्सेंट मोटरसायकल पळवली. आधीच्या फेऱ्यांत त्याचा लेदरचा पोशाख वाऱ्यानं फाटला. तेव्हा गड्यानं तो काढून टाकला, पोहायची चड्डी आणि डोक्याला टोपी एवढ्यावर मागच्या मडगार्डवर पालथा झोपला, पाय मागं सरळ, आणि ताशी १५०.३१३ मैल काढले, म्हणजे जवळपास २४२ किलोमीटर. तो फोटो तू पाहिला असशीलच. चड्डीवर जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, पण तो असं का झोपला ते लक्षात घे. त्याची व्हिन्सेंट मात्र शोरूमची नव्हती, कारखान्यात खास तयार केलेली होती. रॉयल एन्फिल्डची कॉन्टिनेंटल जीटी ६५० पण २०१८ साली बॉनव्हिलला दीडशे मैलांपलीकडे गेली, तीही इंजिन वाढवून. असल्या बातम्या वाचून आपल्या गाडीकडून तेवढी अपेक्षा धरू नकोस. तुझी लढत तुझ्याच वर्गातल्या आकड्याशी.

आता गाडीकडे वळू. मी हात बसवला तो प्रिया स्कूटरवर, साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनायची ती. तेव्हापासून बघतोय, गाडी हळू पळते म्हणून आलेला माणूस आधी कार्ब्युरेटरकडे बोट दाखवतो आणि खोट निघते चाकात. डबल स्टँडवर गाडी लाव, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हातानं फिरव आणि सोडून दे. लगेच थांबलं तर काहीतरी धरतंय. डिस्क असेल तर कान जवळ नेऊन ऐक. पॅड घासल्याचा बारीक सूं आवाज येतो. बहुतेक वेळा कॅलिपरच्या पिना सुकलेल्या असतात. त्या काढून, पुसून, ब्रेकसाठीचंच ग्रीस लावून बसवल्या की चाक मोकळं होतं. पुढचं चाक जॅकवर उचलून तसंच बघ. बेअरिंग खरखरत असेल तर कंपनीचंच बदल.

चेन घट्ट आवळलेली गाडी अंगात ताप असल्यासारखी पळते. ढिलाई एकाच जागी मोजू नकोस. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी मोज, कारण चेन सगळीकडे सारखी ताणत नाही. जिथं सगळ्यात घट्ट लागते, तिथं मॅन्युअलमधलं माप बसव. मागच्या अॅक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का बघ, आणि त्यांच्यावरही पूर्ण भरवसा नको, दोरी लावून पुढचं-मागचं चाक एका रेषेत आहे का ते तपास. टॅपेट फिलर गेज लावून, इंजिन थंड असताना. ऑइल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं, आणि वरच्या खुणेच्या वर अजिबात नाही. जास्त ऑइल घुसळण्यात ताकद जाते. एअर फिल्टर नवा, पण ओरिजिनल. कोरी गाडी नेऊ नकोस. रनिंग-इन होऊन, दोन-तीन सर्व्हिसिंग झालेलं इंजिन मोकळं असतं. महागडं पेट्रोल घालून वेग वाढतो ही समजूत आहे. इंजिनाला जेवढं ऑक्टेन लागतं त्याच्या वरचे पैसे टाकीत जळून जातात.

टायरवर मात्र कंजुषी नाही. टायरच्या बाजूला मापापुढे एक इंग्रजी अक्षर असतं. पी म्हणजे दीडशे किलोमीटरपर्यंत, एस म्हणजे एकशे ऐंशी, एच म्हणजे दोनशे दहा. तुझ्या टायरवर पी असेल आणि तुला दीडशेच्या पुढं जायचं असेल, तर आधी टायर. शिवाय लांबट खाचेत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३५२१ म्हणजे २०२१ सालातला पस्तिसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसू दे, रबर जुनं असेल तर त्याच्यावर अशा वेगानं बसायचं नाही. हवा टायर थंड असतानाच मोज. थोडी जास्त ठेवली तर चाक हलकं पळतं, पण टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत.

गिअरचं एक गुपित आहे, जे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. कंपन्या शेवटचा गिअर अॅव्हरेजसाठी लांब ठेवतात. सहाव्यात इंजिन आपल्या जोरकस आरपीएमला पोचतच नाही, वारा त्याला आधीच दाबून धरतो. अशा गाडीत पाचवा जास्त वेग देतो. दोन्ही करून बघ. शेवटच्या गिअरमध्ये लिमिटरला लागून गाडी अडखळत असेल, तर गिअर आखूड पडतोय. जोरकस आरपीएमच्या आधीच दमत असेल, तर लांब. नियम परवानगी देत असतील तर स्प्रॉकेटचा एखादा दात फरक पाडतो. पुढचा पंधराचा चौदा केला, मागं पंचेचाळीसच ठेवले, की गिअरिंग सात टक्क्यांनी आखूड होतं. पण आधी तुझ्या वर्गाचं पान वाच. तिथं बंदी असेल तर स्प्रॉकेटला हात लावायचा नाही.

आणि मीटरवरच्या काट्याला पुरावा समजू नकोस. आंतरराष्ट्रीय नियमानुसार काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकत नाही, जास्त दाखवलेला चालतो, म्हणून कंपन्या तो जरा पुढंच ठेवतात. खंबाटकीच्या उतारावर, पाठीमागून वारा असताना तू काढलेला फोटो व्हॉट्सअॅपवर ठीक आहे.

आता जागा. हायवेवर हे करायचं नाही. नुसतं धोक्याचं म्हणून नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि गुन्हा करून काढलेला आकडा कुठल्याच वहीत चढत नाही. तू कराडच्या धावपट्टीबद्दल विचारलंस. ती कोयनेच्या कामासाठी १९५५ च्या सुमारास बांधलेली, लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास. परवानगी मिळाली असं धरलं तरी ती पुरत नाही. लहान इंजिनाची गाडी शंभर पटकन गाठते, पण शेवटचे पाच-सात किलोमीटर मिळवायला लांबच लांब सरळ रस्ता लागतो. त्यापुढं मोजण्याचा पट्टा, त्यापुढं थांबायला जागा. सव्वा किलोमीटरात पाव मैलाची ड्रॅग होते. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन भरते ती तशीच. सांगलीजवळच्या कवलापूरचं जुनं विमानतळ तर कित्येक वर्षं बंदच आहे.

खरी जागा म्हणजे इंदूरजवळ पिथमपूरचा नॅट्रॅक्स. २०२१ साली सुरू झाला, ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक, वळणं कलती. गाड्यांच्या कंपन्या आणि मासिकवाले तिथं वेग मोजतात. एकट्यादुकट्यानं जाऊन फाटक उघडत नाही. एखाद्या क्लबमार्फत, देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना एफएमएससीआय हिच्याकडे विचारणा करून, सगळं लेखी घेऊन जा. रुग्णवाहिका, आग विझवायची माणसं, विमा यांचे पैसे आधीच बाजूला काढ. पेट्रोलचा खर्च त्यापुढं काहीच नाही.

वाऱ्याचा दुसरा अवतार म्हणजे आडवा वारा. चाळकेवाडीच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. आपल्या भागात तो किती जोर धरतो ते तुला माहीत आहे. समोरचा वारा एका दिशेला जेवढा मारतो तेवढं बरंचसं दुसऱ्या दिशेला परत देतो, म्हणूनच विक्रम दोन्ही दिशांना धावून मोजतात. आडवा वारा मात्र जाताना आणि येताना, दोन्ही वेळा खातो, वर गाडी ढकलतो ती वेगळीच. म्हणून पहाट. सूर्य वर आला की वारा उठतो. जागेच्या उंचीची काळजी करू नकोस. बॉनव्हिल जवळपास आपल्या महाबळेश्वराएवढ्या उंचीवर आहे. विरळ हवेत इंजिन दमतं, पण कापायची हवाही विरळच असते. इंजेक्शनची गाडी पेट्रोलचं प्रमाण स्वतः सावरते. कार्ब्युरेटरची असेल तर ती जड चालते, तिथं जेट बदलावा लागतो, आणि परत नियमाचं पान उघडावं लागतं.

मोजणीत लोक सगळ्यात जास्त फसतात. बैलगाडा शर्यतीत कोण पुढं ते मैदानावरच्या पोरालाही दिसतं. इथं समोर कुणीच नसतं, असतात ते फक्त सेकंद. एक किलोमीटर २४ सेकंदांत गेलास तर वेग १५०. परत येताना २६ लागले तर १३८.४६. दोन वेगांची सरासरी १४४.२३ होते, पण दोन वेळांची सरासरी २५ सेकंद, म्हणजे १४४. एवढ्याशा फरकावर विक्रम जातो किंवा राहतो. म्हणून सरासरी कशाची धरणार, दोन फेऱ्यांत किती वेळ जाऊ द्यायचा, हे धावायच्या आधी विचार. जागतिक संघटना एफआयएमच्या विक्रमात दोन उलट दिशांच्या फेऱ्या दोन तासांत संपवाव्या लागतात. बॉनव्हिलच्या स्पीड वीकमध्ये पात्रता फेरी आज आणि विक्रमाची दुसऱ्या दिवशी सकाळी, अशी पद्धत. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोनं १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, १९२० ची इंडियन स्काउट तिथं पळवली. ती इंडियन अमेरिकन कंपनीची हं, आपली नव्हे. नोंद झाली १८३.५८६ मैल. पुढं हिशोबातली चूक सापडली आणि २०१४ साली ती १८४.०८७ करण्यात आली. सत्तेचाळीस वर्षं अर्धा मैल कागदावर अडकून पडला होता, आणि तोवर मन्रो जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. म्हणून मोजणीचा मूळ कागद, वेळांसकट, सहीचा, तिथल्या तिथं हातात घे.

पळताना एकच सांगतो. हँडल थरथरायला लागलं, गाडी नागमोडी व्हायला लागली, तर हँडल आवळू नकोस, पुढचा ब्रेक दाबू नकोस, उठून बसू नकोस. टाकीवर तसाच पडून राहा, हात सैल ठेव, थ्रॉटल हळूहळू सोड. सगळं सुरळीत असेल तरीही पट्टा संपल्यावर एकदम उठायचं नाही. त्या वेगाला अंग वर केलंस की वारा छातीवर आदळतो, हँडल खेचलं जातं. आधी थ्रॉटल, वेग उतरू दे, मग डोकं, मग खांदे, ब्रेक सगळ्यात शेवटी.

आकडा चांगला आला म्हणून गाडी पुसायला घेऊ नकोस. तपासणारे इंजिन उघडून बोअर-स्ट्रोक मोजतील, स्प्रॉकेटचे दात मोजतील, चॅसी नंबर बिलाशी ताडतील. सील लागेपर्यंत तू आणि तुझे दोस्त गाडीपासून चार पावलं लांब उभे राहा, किल्ली त्यांच्या हातात दे आणि तोवर आईला सांगलीला फोन लाव.